चौथी काच

सोलापुरात फोटो काढून घ्यायचा म्हणजे माणसानं आधी थोडं मरायचं आणि मग फोटो काढायचा, असं तात्याबा म्हणायचा. त्यात काही खोटं नव्हतं. नवी पेठेतल्या चन्नवीरअप्पांच्या स्टुडिओत गिऱ्हाईक आलं की आधी कोट चढायचा, मग पागोटं, मग श्वास कोंडला जायचा, आणि घरी हसतखेळत नांदणारा माणूस पडद्यावरच्या रंगवलेल्या तळ्यापुढं असा ताठायचा, जणू कुणी त्याच्यावर जप्ती आणली आहे. अप्पांना असेच फोटो आवडत, गिऱ्हाइकालाही असेच आवडत. न आवडणारा एकटा तात्याबा, आणि त्याला विचारतो कोण? तो पडला नोकर.

तात्याबा मूळचा सांगोल्याकडचा धनगर. एका दुष्काळात त्याची मेंढरं माळावर बसली ती उठलीच नाहीत, तेव्हा बायकोला, म्हाळसाबाईला, घेऊन तो सोलापुरात आला. गिरणीत लागला आणि तीन महिन्यांत मुकादमाशी भांडून बाहेर पडला. "मेंढराला बी कुनी भोंगा वाजवून उठवत न्हाई," हे त्याचं कारण. मग अप्पांच्या स्टुडिओत पाणी भरायला राहिला. वर्षभरात अप्पांच्या ध्यानात आलं, की या माणसाचा हात हलत नाही. लोकर कातरताना मेंढी कितीही उसळली तरी कातर कातडीला लागू द्यायची नाही, हे त्याच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. अप्पांनी त्याला पाण्यावरून उचलून काचेवर बसवलं.

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन, आणि त्या काचेवरून मग कागदावर. काचेवर बारीक सुरी आणि कुंचला चालवला की माणसाचं रूप पालटायचं. देवीचे व्रण बुजायचे, टक्कल झाकायचं. अर्ध्या पेठेच्या ढेऱ्या तात्याबानं बसल्या जागी उतरवल्या होत्या. पुढं अप्पांनी त्याला कॅमेराही शिकवला, कारण लग्नसराईत त्यांना एकट्याला झेपेना. पण शिकवताना बजावलं, "तात्याबा, हे बघ, गिऱ्हाईक हललं की फोटो मेला."

तात्याबानं मान हलवली. मनात म्हणाला, हलतं तेच तर जितं असतं की.

१९३३ सालची ही गोष्ट. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उलगडली की गावातल्या मोटारवाल्या हौशी मंडळींना सुरसुरी यायची. एक डॉक्टर, दोन वकील, गिरणीतला एक मास्तर आणि वैरागचे कापसाच्या जिनाचे मालक श्रीमंतराव, अशांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. वर्षातून एकदा होटगी रस्त्याकडच्या माळावर चुन्यानं वाट आखून मोटारी आणि फटफटी पळवायच्या, जिंकेल त्याला चांदीचा पेला, आणि त्याचा फोटो मंडळाच्या दिवाणखान्यात. पोटासाठी मोटार हाकणाऱ्यानं शर्यतीत चक्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. शर्यत हौसेची होती आणि हौस मालकाची असते. शेजारी मात्र एक माणूस लागायचाच, वळणावर मोटार कलंडू लागली की अंग बाहेर टाकून तिला जमिनीवर धरून ठेवणारा. त्याला पेला नव्हता.

त्या वर्षी अप्पांच्या घरी लग्न निघालं, म्हणून माळावर तात्याबा एकटा गेला. अप्पांनी चार काचा दिल्या. तीन जिंकणाऱ्यांच्या तीन मोटारी, उभ्या, मालक हार घालून चक्राशी बसलेले. चौथी काच, एखादी फुटलीच तर.

जाऊन बघतो तर माळ माणसांनी फुललेला. टांगे, बैलगाड्या, दोरीपलीकडं हुरडा खात बसलेल्या बायाबापड्या. फटफटींची शर्यत झाली तेव्हा तात्याबानं कॅमेरा उघडलासुद्धा नाही. तो नुसता बघत होता. मोटारी सुटायच्या जागी गर्दी होती, पोचायच्या जागी त्याहून जास्त. पण पळणं दिसत होतं ते लांबच्या डावीकडच्या वळणावर, बाभळीपाशी, जिथं कुणीच उभं नव्हतं. तिथं गाडी एका अंगावर यायची, धूळ उडायची आणि बसलेल्यांची तोंडं खरी व्हायची.

तो कॅमेरा खांद्यावर टाकून तिकडं चालू लागला. मंडळाच्या चिटणिसांनी हाक मारली, "अहो फोटोवाले, इकडं! तिकडं काय आहे?"

"तितंच हाय," तात्याबा म्हणाला आणि थांबला नाही.

वळणाच्या आतल्या अंगाला पावसानं खणलेली एक घळ होती. तात्याबा तिच्यात उतरला. वर उभं राहून काढलं तर गाडीमागं लोकांची धोतरं येणार, खाली बसून काढलं तर आभाळ येईल. बाभळीचं खोड एका कडेला ठेवलं आणि पुढची सगळी जागा मोकळी सोडली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं वाट दिसली नाही तर मेंढी पाऊल टाकत नाही, कळप तिथंच कोंडतो. मोटारीला तरी निराळं काय लागणार?

राहिला पळणाऱ्या मोटारीला धरायचा प्रश्न. कॅमेऱ्याच्या तिवईचा जो स्क्रू अप्पा जिवाच्या आकांतानं घट्ट पिळायचे, तो त्यानं ढिला केला. कॅमेऱ्यात काच चढवली की आत डोकावून बघता येत नाही, म्हणून बाभळीचे दोन काटे मेणानं कॅमेऱ्याच्या माथ्यावर चिकटवले, एक पुढं, एक मागं. दोन्ही काटे आणि मोटार एका रेषेत ठेवत कंबरेतून वळायचं. गोफण फिरवणाऱ्याला यात नवं काही नाही. पळत्या कोल्ह्यावर धोंडा टाकायचा तर अंग कोल्ह्याबरोबर वळावंच लागतं.

पहिल्या फेरीला त्यानं नुसतं वळून बघून घेतलं. दुसऱ्या फेरीला श्रीमंतरावांची हिरवी मोटार सगळ्यांच्या पुढं आली आणि तात्याबानं कळ दाबली.

चूक झाली ती इथं, आणि ती चूक धनगरानंच करावी. कळपावर नजर ठेवायची म्हणजे सगळ्यांत पुढं मान काढून चालणाऱ्या एडक्यावर ठेवायची, तो दिसला की कळप आलाच. तात्याबाची नजर आपसूक त्या मोटारीतून सगळ्यांत बाहेर आलेल्या माणसावर गेली. तो माणूस मालक नव्हता. तो भीमा होता, श्रीमंतरावांच्या मोटारीवरचा गडी, त्यांच्या शेजारी बसणारा, केम गावचा.

पेला श्रीमंतरावांनी जिंकला, आणि उरलेल्या तीन काचा तात्याबानं हुकुमाप्रमाणे भरल्या. हार, मिशा, मोटारी, सगळं ठरल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी चारही काचा धुऊन खिडकीशी धरल्या तेव्हा चौथी काच तात्याबानं खाली ठेवलीच नाही. भीमा कंबरेपर्यंत मोटारीबाहेर होता, एका हातानं दाराची कड धरलेली, दुसरा जमिनीकडं, दात आवळलेले, सदरा फुगलेला. त्याच्या खांद्याआडून श्रीमंतरावांची टोपी आणि एक चष्म्याचा डोळा तेवढा दिसत होता. चाकं गोल नव्हतीच. कॅमेऱ्यातला पडदा वरून खाली सरकेपर्यंत मोटार पुढं गेलेली, म्हणून ती अंड्यासारखी लांबून पुढं झुकली होती, आणि लांबचे दोरीचे खांब मागं कलले होते. सगळी काच धावत होती. तात्याबा एकटाच मोठ्यांदा हसला. असं काही आपल्या हातून होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि आता झालं होतं.

अप्पांनी काच बघितली आणि खुर्चीत बसले. "अय्यो शिवा! तात्याबा, हे काय केलास रे? चाक वाकडं, खांब वाकडं, अर्धी काच रिकामी! आणि मालक कुठं हाय?"

"मागं हाय की. दिसतोय टोपीपासनं."

श्रीमंतराव संध्याकाळच्या आत आले. उभ्या मोटारीचा फोटो बघून खूष झाले, मग त्यांची नजर चौथ्या काचेच्या छापावर गेली. छाप उचलून त्यांनी उजेडाकडं नेला. धावणारी मोटार त्यांनाही दिसली होती, ते काही आंधळे नव्हते. जो बघेल तो दुसऱ्या फोटोकडं ढुंकूनही बघणार नाही, हे त्यांना कळलं, आणि तिथंच खरी मेख होती.

"दिवाणखान्यात हाच लावायचा," ते म्हणाले. "फक्त जरा नीट करा. चाकं गोल करा. पुढची रिकामी जागा कापा. आणि हा माणूस काढून टाका, म्हणजे मागं मी आहे तो दिसेन. माझं तोंड त्या दुसऱ्या फोटोवरून बसवा. तुमच्याकडं होतं ना असं, अप्पा?"

"होतं की, होतं की. आमचा तात्याबा एक नंबर करतो."

"तात्याबा करनार न्हाई," तात्याबा म्हणाला.

अप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. श्रीमंतराव हसले. "का बरं? लोकांच्या ढेऱ्या उतरवतोस, त्या चालतात?"

टोला बरोबर बसला. तात्याबानं चौथी काच जवळ ओढली. मग तो म्हणाला, "ढेरी उतरवली तरी मानूस ऱ्हातो, सायेब. ढेरी घेऊन घरला जातो. ह्यो मानूस काढला तर मोटार उलटंल. कागदावर बी उलटंल. बघा की, त्यानंच धरलीया ती."

"मेंढरं राखणाऱ्यानं मला मोटार शिकवू नये."

"शिकवत न्हाई. नजर चुकली माजी, मालकाला सोडून गड्यावर गेली, ते कबूल. चूक हाय, पन खोटं न्हाई. त्याला सुरी मी लावनार न्हाई."

श्रीमंतरावांनी काठी उचलली. "रविवारी पेला द्यायचा समारंभ आहे. शुक्रवारी दुपारी मी येतो. फोटो तयार नसला तर मंडळाचं काम दुसऱ्या स्टुडिओला, अप्पा." आणि ते गेले.

अप्पा वाईट माणूस नव्हते. पण चांगुलपणाला शुक्रवारची मुदत घातली की तो पातळ होतो. "तात्याबा," ते म्हणाले, "माझा हात कापतो, नाहीतर मीच केलो असतो. शुक्रवारी तू सुरी धरायची, नाहीतर दुकानाबाहेर जायचं. मी काय करू सांग?"

घरी म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "बारा वर्सं लोकांची तोंडं गुळगुळीत केलीसा, तवा न्हाई काटा टोचला. आता बरा टोचला." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, "लई चांगला आलाय का त्यो फोटू?"

"लई."

"मग ऱ्हाऊ द्या तसाच. काम काय, दुसरं मिळंल."

ती असं म्हणाली म्हणून तात्याबाला रग चढली. पण गुरुवारी ती उतरवणारा माणूस आला, आणि तो होता खुद्द भीमा.

स्टुडिओच्या पत्र्यावर तात्याबा छाप काढत होता. काच आणि कागद चौकटीत एकत्र दाबून उन्हात ठेवायचे, चित्र हळूहळू गडद होत यायचं. भीमा शिडीनं वर आला. बुटका, रुंद खांद्यांचा, नखात तेल. खाली बघतच म्हणाला, "तात्याबा, मला काडून टाका त्यातनं."

तात्याबाला वाटलं, ऊन लागलं आपल्याला. "कुनी सांगितलं?"

"सांगतंय कोन? मला कळतंय की. मालक घुश्शात हाईत. आज दोनदा म्हनले, तुजा फोटू झालाय, आता तूच मोटार घे. तुमी भांडताय, पन माजी नोकरी जाईल. तुमचं काय जातंय?"

"माजी बी जातीया की उद्या."

"मग तर काडाच! दोगांची बी ऱ्हाईल."

हे तात्याबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चार दिवस तो या माणसासाठी कंबर कसून उभा होता आणि या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला राग आला, आधी भीमाचा, मग स्वतःचा. तो म्हणाला, "बरं. काडतो. पन आदी बघ तरी, काय काडायचं ते."

त्यानं चौकटीत नवा कागद घातला आणि ती उन्हात भीमापुढं ठेवली. दोघं उकिडवे बसले. मधूनमधून तात्याबा चौकटीची मागची फळी अर्धी उचलून दाखवायचा. आधी बाभळीचं खोड आलं, मग धूळ, मग सदऱ्याची घडी, मग हात. भीमानं स्वतःचा हात एकदा बघितला आणि कागदावरचा बघितला. तोंड उमटलं तेव्हा तो मागं सरकला.

"ह्यो मी?"

"मग कोन, पाटील?"

"मी असा दिसतो व्हय?" आपल्याला लागलं-खुपलं तरी कुणी बघत नाही अशा जागी हा माणूस पाच वर्षं लटकत होता. तिथं कुणीतरी त्याला नीट, दोन काट्यांच्या रेषेत धरून बघितलं होतं. तो कागदाकडं बघत राहिला, आणि त्यानं काढा म्हटलं नाही, ठेवा म्हटलं नाही. उठला आणि शिडी उतरून गेला. तात्याबानंही विचारलं नाही. आता जे काय बोलायचं ते त्यानं बोलायचं होतं.

शुक्रवारी दुपारी हिरवी मोटार स्टुडिओपुढं थांबली. श्रीमंतराव आत आले, पाठोपाठ भीमा, हातात मोटार चालू करायचं लोखंडी हँडल. ते तो कधी गाडीत ठेवत नसे, पोरं पळवतात म्हणून. टेबलावर चौथी काच, शेजारी सुरी. अप्पांच्या कपाळावर घाम.

"झालं का काम?"

"न्हाई," तात्याबा म्हणाला. त्यानं हात मांडीवर ठेवले होते.

श्रीमंतराव अप्पांवर भडकले नाहीत, तात्याबावरही नाही. ते हुशार होते. त्यांनी भीमाला पुढं ओढलं. "याच्यासाठी चाललंय ना सगळं? मग यालाच विचारू. सांग रे भीमा. सांग याला, मला काढून टाक म्हणून. तुझी काही हरकत नाही ना?"

दुकानात कुणी हललं नाही. अप्पांच्या मतानं अगदी फोटोला योग्य असा क्षण. तात्याबा भीमाकडं बघत नव्हता, काचेकडं बघत होता. याच्या तोंडून एक 'व्हय' निघालं की बारा वर्षांत हातून झालेलं एकमेव काम आपल्याच सुरीनं मरणार, हे त्याला कळत होतं. आणि ते आपण करूही, कारण काल भीमाला शब्द दिला होता.

"मालक," भीमा म्हणाला, आणि त्यानं हँडल या हातातून त्या हातात घेतलं. "मालक, ते न्हाई म्हननार मी. मी हुतो तितं."

"काय?"

"मी हुतो तितं. वळनावर. तुमी बी हुता, मी बी हुतो."

श्रीमंतरावांचं तोंड लाल झालं. "मग उतर माझ्या गाडीवरनं. आत्ता. या मिनिटाला."

"उतारलो," भीमा म्हणाला, आणि हँडल काचेला धक्का लागणार नाही असं बेतानं टेबलावर ठेवलं.

आणि मग तात्याबानं सुरी उचलली. अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, श्रीमंतराव पुढं झुकले. दोघांनाही वाटलं, आला शहाणा ताळ्यावर. तात्याबा काचेच्या खालच्या कोपऱ्यावर वाकला. तो शाळेत कधी गेला नव्हता. गिऱ्हाइकांची नावं काचेवर उलटी कोरायची असतात, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात, तेवढीच त्याला अक्षरं येत होती आणि तीसुद्धा उलटीच. आजवर त्यानं रावसाहेब कोरले, वकील कोरले, सावकार कोरले. आज त्यानं सावकाश, एकेक काना-मात्रा पारखून, उलट्या अक्षरांत कोरलं. मग काच उजेडाला धरून श्रीमंतरावांना मागच्या बाजूनं वाचायला दिली.

'भीमा, केमकर. शेजारी त्यांचे मालक.'

अप्पांच्या तोंडून कानडीत काहीतरी निघालं. श्रीमंतरावांनी काठी आपटली, पण ती जमिनीवर. "फोडा ती काच!" ते ओरडले.

"काच अप्पांची हाय," तात्याबा म्हणाला. "फोडायची तर त्यांनी फोडावी."

अप्पांनी काच हातात घेतली. उजेडाला धरली. उभ्या जन्मात त्यांनी हजार काचा बघितल्या असतील, आणि त्यांना फोटो कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी ती कागदात गुंडाळली, खणात ठेवली, खणाला किल्ली लावली. मग तात्याबाकडं न बघता म्हणाले, "उद्यापासनं येऊ नकोस." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच हातासरशी उरकल्या. ज्याला जमलं तेवढं त्यानं केलं.

तात्याबा आणि भीमा समोरच्या पानपट्टीपाशी जाऊन उभे राहिले. दोघंही बेकार, दोघांनाही कुठं जायचं ते सुचेना. श्रीमंतराव हँडल घेऊन बाहेर आले. पेला जिंकलेल्या त्या माणसानं आपली मोटार स्वतः कधी चालू केली नव्हती. हँडल दोनदा निसटलं. पेठ थांबली. मागावरून उठून आलेले दोन तेलंगी विणकर, एक टांगेवाला, भाजीवाली, सगळे बघत उभे. कुणी पुढं झालं नाही. श्रीमंतरावांनी कोट काढला आणि हँडल मुठीत घट्ट आवळलं.

भीमाचं अंग पुढं गेलं. तात्याबानं त्याचा दंड धरला. "आता न्हाई."

"आवो, अंगठा बघा की त्यांचा," भीमा म्हणाला. "असा धरला आन् इंजनानं उलटा झटका दिला, तर मनगट मोडतंय."

तो क्षणभर घुटमळला. मग रस्त्याच्या या कडेवरून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मालक! अंगठा काडा! अंगठा बोटांच्या अंगाला घ्या!"

श्रीमंतरावांनी वर बघितलं. सगळ्यांनी भीमाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. त्यांनी अंगठा काढला, बोटांच्या बाजूला घेतला आणि पुन्हा वाकले. भीमा जागचा हलला नाही.